थानाभोवतीची भुईआवळी

सोलापूर
बुधवार, १३ ऑगस्ट

मल्हार,

आईच्या लघवीत तणनाशक सापडलं आहे. पॅराक्वाट. आज सकाळी डॉ. शिवरंजनी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं आणि तपासणीची नळी उजेडात धरून दाखवली. आतलं पाणी निळं झालं होतं, दौतीतल्या शाईसारखं. हाच रंग मी रविवारी संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिला होता, पण तो भुईआवळीच्या रसाचा होता. आईच्या अंगातून तो निघेल हे कालपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी आपण रस प्यालोच नाही, असं तिनं मला तोंडावर सांगितलं होतं.

ती प्याली होती. वाटीभर.

अक्षर घाईचं आहे. लावून घे.

तुझा फोन बंद आहे. रविवारी संध्याकाळी तुझ्या दीपालीनं तुला फोनवर एवढंच सांगितलं म्हणे, की आत्याबाईंचं औषध मुरुमच्या एका पोराला बाधलं. तू काही बोलला नाहीस. ट्रक नळदुर्गला बंडप्पांच्या ढाब्यावर लावलास, चावी गल्ल्यावर ठेवलीस आणि गेलास. सोमवारी मी ढाब्यावर जाऊन आले. बंडप्पा तव्यावरची नजर न काढता म्हणाले, "चिठ्ठी द्या ताई, पोचती करतो. कुठं ते विचारू नका. विचारलं तर म्या कानडीत बोलीन." तू मामांच्या मेंढरांमागं कर्नाटकाच्या अंगाला गेला असशील असा माझा अंदाज आहे. असशील तिथं हे वाच. दीपालीच्या हाती पाठवतेय.

मॅडमनी काल आईला दाखल करून घेताना मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. "मी तुमच्या गावची नाही असं धरून सांगा," म्हणाल्या. आपल्या घरातलं परक्या माणसाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

मी सांगितलं, आई कावीळीचं औषध देते, फक्त रविवारी. भुईआवळी आपल्या बांधावर उगवते, तिथं आपल्या कुळातल्या कुण्या जुन्या माणसाचं थान आहे, शेंदूर लावलेला दगड. आदल्या दिवशी सांजच्याला आई थानावर हळदीचा भंडारा टाकते आणि भुईआवळीला आवतण देते, की उद्या न्यायला येते. मग दिवस उगवायच्या आत जाऊन मुळासकट उपटायची, लोखंड लावायचं नाही. पाट्यावर वाटून रस काढायचा. आणि आलेल्या माणसाच्या हातात वाटी द्यायच्या आधी तेवढाच रस त्याच्यासमोर आईनं प्यायचा.

मॅडमनी लिहिता लिहिता पेन उचललं. "दर वेळी?"

"दर वेळी. देणाऱ्यानं आधी प्यायचं, असं आजीपासून आहे."

"मग या रविवारी का नाही प्यायल्या?"

मी म्हटलं, उपास होता म्हणते. मॅडमनी नर्सला सांगितलं, यांच्या आईचीही लघवी तपासायला घ्या.

आता रविवारचं. तू राखीपुनवेला सकाळी तणतणत गेलास त्यानंतरचं. मुरुमचे हणमंतप्पा दुकानदार त्यांच्या शिवराजला घेऊन मुक्कामालाच आले होते. पोराचे डोळे हळदीसारखे झाले होते. आई पहाटे बांधावर गेली. पुनवेचा चंद्र होता, पण आभाळ भरलेलं, तिला तरी काय दिसणार? ओच्यात भरून रोपं आणली. ओली होती. ती दंव समजली. मी त्यातली निम्मी माझ्या कामासाठी मागून घेतली आणि शेडमध्ये पिशव्यांवर नावं टाकत बसले. आई म्हणते पहाटेच्या झाडात गुण जास्त, ऊन लागलं की उडतो. ते खरं आहे का हेच मला तपासायचं होतं. पहाटेची रोपं आणि भर दुपारची रोपं, एकाच बांधावरची. दोन्हींत अँटिऑक्सिडंट किती ते मोजायचं. त्यामुळं वाटी कुणी कधी प्याली ते मी पाहिलं नाही.

ऊन पडल्यावर, दुपारी मी आणि आई दुसरी रोपं आणायला गेलो. मल्हार, बांध करपून गेला होता. सकाळी जिथून आईनं हिरवीगार रोपं आणली, तिथं पानं तपकिरी पडून सुरळ्या झाल्या होत्या, तव्यावर टाकल्यासारख्या.  मला ते औषध पुस्तकातून माहीत आहे. त्याला जाळायला ऊन लागतं. संध्याकाळी फवारलं तर रात्रभर ते झाडाच्या आत गप्प बसतं, पान हिरवंच राहतं. ऊन वर आलं की मग झाड जळतं. आणि आईचं सगळं काम ऊन यायच्या आतलं.

सगळा बांध जळाला होता, पण थानाच्या भोवती हातभर रिंगण हिरवं होतं. तिथं भुईआवळी जशीच्या तशी. पंपवाला दगडाला वळसा घालून गेला होता. परका माणूस असा वळसा घालत नाही.

मी तिथल्या तिथं आईला विचारलं, "तू प्यालीस का सकाळी?"

"न्हाय गं. उपास हुता आज."

मी विश्वास ठेवला. हणमंतप्पांना फोन लावला तर ते पोराला घेऊन उमरग्याच्या स्टँडवर. पोरगा दोनदा ओकला होता. मी म्हटलं घरी जाऊ नका, तसेच सोलापूरला या. मी पहाटेची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत गेले, आणि तिथं ते निळं पाणी झालं. आई घरी भाकरी नको म्हणत बसली. मंगळवारी दीपालीनं तिला बळंच तोंड उघडायला लावलं. जीभ पांढरी पडली होती, ओठ आतून सोलले होते.

शिवराज ओकला म्हणून त्याच्या पोटात कमी राहिलं. आईनं पोटात ठेवलं आणि वर दोन दिवस लपवलं.

आज दुपारी आईला धाप लागली म्हणून शेजारच्या खाटेवरचे लोक ओरडायला लागले, ऑक्सिजन लावा, ऑक्सिजन लावा. मॅडमनी नाही म्हटलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे विष ऑक्सिजनवरच पेटतं. आत्ता दिला तर फुप्फुसं आणखी जळतील. रक्तातला ऑक्सिजन अगदीच खाली आला तर देऊ." सगळ्या वॉर्डानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच नळी काढून घेतली होती.

कुणी फवारलं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पण मॅडमना बाटली हवी आहे. किती टक्क्याचं होतं, पंपाला किती टाकलं, त्यात आणखी काही मिसळलं का. तेवढं तरी कळव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बाटली पाठव.

अक्का


सोलापूर
शनिवार, १६ ऑगस्ट

मल्हार,

आईनं पोलिसांना जबाब दिला आहे की तिनं चुकीचं झाड उपटलं. गुरुवारी मी आंघोळीला खोलीवर गेले होते, तेवढ्यात हे झालं. हवालदार उत्तरेश्वर यांनी मला आज तो वाचून दाखवला. खाली आईचा अंगठा आहे. तिला सही येते, तरी अंगठा दिलाय.

'माझी नजर अधू झाली आहे. पहाटे अंधारात मी भुईआवळी समजून दुसरंच झाड आणलं. ते मी वाटून दिलं. माझा हात चुकला. यात दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.'

 आईला भुईआवळी ओळखायला डोळे लागत नाहीत. पानाखालून बोट फिरवून, तिथली बारकी फळं चाचपून ती सांगते. तुला आठवत असेल, लहानपणी आपण तिच्या डोळ्यांवर पदर बांधायचो आणि हातात दहा प्रकारचं गवत द्यायचो. ती कधी चुकली नाही, आणि तू दर वेळी रडायचास.

हवालदार म्हणाले, "ताई, तुमची आई हुशारीनं बोलते. पण डॉक्टर म्हणतात तणनाशक, बाई म्हणते दुसरं झाड. दोन्ही कसं खरं?"

मी म्हटलं, "झाड बरोबर होतं. त्याच्यावर औषध पडलं होतं."

"कुणी टाकलं?"

मी म्हटलं, ते मला प्रयोगशाळेत दिसत नाही. खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही. त्यांनी मला माझा अहवाल लेखी मागितला आहे. झाड कोणतं, त्यात काय सापडलं, सगळं. सरकारी प्रयोगशाळेचा यायला वेळ लागतो, तोवर माझ्या कॉलेजचा चालेल म्हणाले.

तुझी बाटली पोचली. बंडप्पा स्वतः घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून, एस.टी.नं. ढाबा सोडून हा माणूस मुलाच्या लग्नालाही दोन तासच गेला होता. मॅडमनी बाटली बघून मान हलवली, म्हणजे अंदाज होता तेच निघालं. तू चिठ्ठी पाठवली नाहीस. बंडप्पांना विचारलं, काही म्हणाला का? तर म्हणाले, "जेवत न्हाई. मेंढरं बरी, ती तरी खातात."

मग ते आईजवळ जाऊन बसले. आईचा आवाज बसलाय, पण त्यांना बघून तिला हुशारी आली.

"बंडप्पा, ढाबा कुणावर टाकून आलास?"

"देवावर."

"मग लुटला आज."

"लुटू दे. अव्वा, तुम्ही काय खाता?"

"दूध. थंड करून. तुझ्या चहाची आठवण यायलीय, लई वंगाळ असतो तरी."

बंडप्पा हसले आणि मग पाठ करून खिडकीकडे बघत बसले. जाताना जिन्यात मला म्हणाले, "ताई, ह्या बाईनं माझी कावीळ उतरवलीय. माझ्यासमोर वाटी तोंडाला लावली हुती. चुकीचं झाड असतं तर माझ्या आधी ती मेली असती. हे त्या पोलिसाला कळत न्हाई का?"

पण सगळे बंडप्पा नाहीत. जबाबाची बातमी गावात पोचली. अणदूरच्या, तुळजापूरच्या ग्रुपांवर आईचा यात्रेतला फोटो फिरतोय. 'कावीळीच्या नावाखाली भलतंच गवत.' कुणी लिहितं माझ्या मेव्हण्याला तिथंच जास्त झालं होतं, कुणी लिहितं आमच्या आजीला. आजवर ज्यांनी एक शब्द काढला नव्हता त्यांना आता सगळं आठवायला लागलंय. दीपालीनं फोन बंद करून ठेवलाय.

हणमंतप्पा मला लिफ्टजवळ भेटले. शिवराज बरा आहे, मूत्रपिंडाचे आकडे उतरायला लागलेत, तोंड आलंय एवढंच. रविवारी ज्या माणसानं आईच्या पाया पडून वाटी घेतली होती, तो आता माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होता.

"मी तक्रार केली नव्हती, बाई. अव्वा चुकणार नाहीत, रानात कायतरी पडलं असंल, असंच पोलिसांना बोललो. आता त्याच म्हणतात हात चुकला. मग मी काय समजायचं? माझ्या भावानं, माझ्या वडिलांनी, सगळ्यांनी ह्यांच्याच हातचं घेतलं."

मी म्हटलं, "काका, थोडं थांबा. मी तपासतेय."

"तुम्ही तिची लेक. तुम्ही बरोबरच म्हणणार."



आईला मी विचारलं, असं का सांगितलंस? तिनं डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग तिला कधीच नीट जमलं नाही, पापण्या हलतात. मी म्हटलं, "आई, दहा गवतांत तू भुईआवळी ओळखतेस." ती डोळे न उघडता म्हणाली, "म्हातारी झाले आता. चुकत्यात माणसं."

त्या दिवशी तिनं प्याली नाही म्हणून सांगितलं. आता चुकले म्हणून सांगते. मल्हार, ती ओळीनं खोटं बोलतेय, आणि मला ते सोमवारी यंत्रावर चढवून खोटं ठरवायचंय. तुला काय वाटतं ते कळव. या वेळी बाटली नको, शब्दांत कळव.

अक्का


सोलापूर
मंगळवार, १९ ऑगस्ट

मल्हार,

आईनं उपटलेली रोपं भुईआवळीचीच होती. काल यंत्रावर तिची खूण असलेलं फायलँथिन जिथं यायचं तिथंच आलं, आणि मी लेक आहे म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी सगळी तपासणी पुन्हा त्यांच्या हातानं केली. त्यांनीही तेच लिहिलं. दुसऱ्या झाडाचं एक पान त्यात नाही. त्याच अर्कात पॅराक्वाटही आहे. अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या आहेत.

राखीच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "ह्या गवतात असं काय सापडतंय तुला? माझ्या सोयाबीनमध्ये त्याचं बी पसरतंय आणि तुझ्या संशोधनासाठी मी ते पोसायचं?" भांडणात उत्तर राहून गेलं. मी एक जांभळं पाणी बनवते. त्यात भुईआवळीचा अर्क टाकला की ते पिवळं पडत जातं. अंगात जे आतून गंजवतं, जाळतं, त्याला थोपवायची झाडाची ताकद किती, ते त्या रंगावरून कळतं. थानाजवळच्या हिरव्या रोपांनी पाणी बघता बघता पिवळं केलं. बांधावरच्या करपलेल्या रोपांनी केलं नाही. ते जांभळंच राहिलं. त्यांच्यातली सगळी ताकद एका सकाळच्या उन्हात खर्ची पडली होती. मी ती नळी हातात धरून बसले आणि मला आईची छाती दिसायला लागली. सलाईनमधून तिला जे देतायत तेही असलंच काही थोपवणारं आहे. मॅडम म्हणतात, देतोय, पण भरवसा देत नाही.

काल संध्याकाळी मी आईला निकाल सांगितला. बोलता बोलता ती थांबते, दोन शब्दांत श्वास घेते. मी म्हटलं, "आई, झाड बरोबर होतं. भुईआवळीच होती."

तिनं माझा हात धरला. "सगळी?"

"सगळी."

"एक बी दुसरं न्हाय?"

"एक पान नाही."

मल्हार, तिचा चेहरा मी काय सांगू? परीक्षेत पहिलं आल्यासारखी दिसत होती. उशीवर डोकं टेकवून हसली. ओठ फाटलेत, हसताना रक्त आलं, तरी हसली. "म्हंजी हात बरोबर हुता माझा. अंधारात, ओल्या पानात, बरोबर हुता." मग म्हणाली, "आन् पहाटंचं काय निघालं? गुण जास्त हाय का न्हाय?"

मी थानाजवळची रोपं नंतर पहाटे आणि दुपारी आणवून दोन्ही तपासली होती. म्हटलं, "फार फरक नाही, आई."

"मग मशीन चुकलंय तुझं," म्हणाली.

मी हसले. तीही. आणि मग ती एकदम म्हणाली, "ते झाड बरोबर हुतं म्हणून लिवू नको."

"का?"

"लिवू नको म्हणते न्हवं."

"आई, लोक तुला काय काय म्हणतायत. हणमंतप्पा माझ्याकडे बघत नाहीत."

"म्हणू दे. म्हातारीचा हात चुकला म्हणल्यावर म्हातारीचं काय करत्यात? औषध दिऊ नको म्हणत्याल. न्हाय देत. झाड बरोबर म्हणलं की इचारत्याल, मग फवारलं कुणी?"

 तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि तेव्हा मला कळलं, की रविवारी दुपारी त्या बांधावर मी एकटीच ते रिंगण बघत नव्हते. तीही बघत होती. मी "प्यालीस का" म्हणून विचारलं, तेव्हा तिनं रिंगण आधीच बघितलेलं होतं. तुझ्यावर दोन माणसांचं पाप येण्यापेक्षा एकाचंच यावं म्हणून ती नाही म्हणाली. दोन दिवस जळत्या तोंडानं घरात बसली, ती त्यासाठी.

मी म्हटलं, "मल्हारनं मुद्दाम केलं नाही."

तिनं डोळे मिटले. वाटलं झोपली. मग म्हणाली, "भंडारा हुता गं थानावर. हणमंतप्पा आले तसा म्या शनिवारी दुपारीच टाकला हुता, आवतनाचा. तो सांजच्याला फवारत आला. भंडारा बघितला असंल, म्हणून तर फिरून गेला थानाला. भंडारा पडला की उद्या म्या झाड न्यायला येणार, हे त्येला पाळण्यात हुता तवापास्नं ठावं हाय." श्वास घेतला. "देवाला वळसा घातला त्येनं. म्या न्हाय आले ध्यानात."

मल्हार, मी हे पत्र इथं थांबवलं होतं. आता सकाळी पुन्हा लिहितेय.

आईला मरणाची भीती नाही असं मी म्हणणार नाही, तिला आहे, काल तिनं मॅडमना दोनदा विचारलं. पण तिला खाली ओढतंय ते दुसरंच. तिला वाटतंय तू भंडारा बघितलास, उद्या ती येणार हे तुला कळलं, आणि तरी तू पंप चालवलास. ती हे पोलिसांना सांगणार नाही, दीपालीला सांगणार नाही, तुला विचारणार नाही. त्याच्यावर स्वतःचा अंगठा ठेवून ती जाईल.

मी रात्री विचार करत होते. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला आई थानावर भंडारा टाकतेच, कुणाला कावीळ असो नसो. दुसऱ्या कुठल्याही शनिवारी भंडारा दिसला असता तर तुला आवतण कळलं असतं. त्या दिवशी तू तो पुनवेचा समजलास. शिवराज मुक्कामाला आलाय हे तुला माहीत नव्हतं, तू सकाळी भांडून गेल्यावर ते आले. तू समजलास, दोन दिवसांत बांध जळेल, आईला जळालेला दिसेल, ती शिव्या देईल आणि विषय संपेल. जळालेल्या झाडाला ती हात लावणार नाही. सकाळपर्यंत ते हिरवंच राहतं हे तुला दुकानदारानं सांगितलं नसणार.

हे मी आईला सांगू शकते. पण ती म्हणेल, तू बहीण आहेस, तू बरोबरच म्हणणार. हणमंतप्पांसारखंच. हे तिला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी हे बरोबर लिहिलंय की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. तूच सांगू शकतोस.

आता पुढचं.

परवा गुरुवारी आईच्या छातीचं सीटी स्कॅन आहे. फुप्फुसं कडक व्हायला लागली आहेत का, ते त्यात दिसेल. मूत्रपिंडं सुधारतायत, हे मॅडमनी आज सांगितलं, पण त्याच्या आनंदात राहू नका असंही सांगितलं.

गुरुवारीच मी अहवाल देणार आहे. आई नको म्हणते तरी देणार आहे. झाड बरोबर होतं हे मी लिहिलं नाही, तर ती अशीच जाईल, आणि लोकांच्या तोंडी चुकीचं झाड देणारी बाई म्हणून राहील. ते मला जमणार नाही. अहवालात तुझं नाव नाही. नाव नळीत दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी बांधाचा पंचनामा आहे. कृषी खात्याचा माणूस येणार, दोन पंच येणार. बांध अजून करपलेलाच आहे आणि मधलं रिंगण काल दीपालीनं बघितलं, तसंच हिरवं आहे. उलट वाढलंय. गावातला पंच त्याच्याकडे एकदा बघेल आणि त्याला काही विचारावं लागणार नाही. मी हवालदार उत्तरेश्वरांना आडून विचारलं. ते म्हणाले, "फवारणारा आपणहून आला आणि काय झालं ते बोलला, तर मी चूक म्हणून लिहीन. मला शोधायला लावलं, तर मी काय लिहीन ते मलाच आज सांगता येत नाही."

पंचांना बांध दाखवायला घरचं एक माणूस लागतं. आई म्हणते मीच येते. मॅडम तिला खाटेवरून उतरू देणार नाहीत. म्हणून मी दीपालीचं नाव दिलंय. हवालदारांनी ते पेन्सिलीनं लिहून घेतलंय. शुक्रवारी सकाळपर्यंत बदललं तरी चालेल म्हणाले.

अक्का